आळी जुनी, बालपण नवं

तालुक्याच्या गावातलं बालपण हा मराठी गद्याचा फार लाडका विषय आहे. दिवाळी अंकात एक तरी लेख वाड्याच्या चौकात उतरतोच. तिथे आड असतो, तुळशीवृंदावन असतं, दिवेलागणीपर्यंत चाललेला लगोरीचा डाव असतो, कुणाच्याही स्वयंपाकघरात बिनदिक्कत शिरणारी पोरं असतात आणि 'सगळी आळी म्हणजे एकच कुटुंब' हे वाक्य असतं. या चित्रातला तपशील खोटा आहे असं मी म्हणत नाही. मात्र त्याच्यामागे एक न बोललेलं गृहीतक असतं: हे असंच पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं, आणि परवा-परवा टीव्हीने, मग मोबाइलने ते मोडलं. हे गृहीतक पुराव्यावर टिकत नाही. आळी खरोखर जुनी आहे, काही ठिकाणी तीनशे वर्षं जुनी आहे. तिच्यातलं हे मोकळं बालपण मात्र विसाव्या शतकाचं, त्यातही ढोबळ मानाने मधल्या काही दशकांचं आहे. ते काही विशिष्ट घरांतल्या मुलांना मिळालं, आणि ते का मिळालं याची कारणं कायद्यांत, शाळेच्या वेळापत्रकात आणि घरभाड्यात शोधता येतात. त्यासाठी मुख्यतः सातारा जिल्हा, म्हणजे वाई आणि सातारा ही दोन गावं पाहू. गरज पडेल तिथे कोकणात उतरू.

वाईपासून सुरुवात करण्याचं कारण असं की आळी ही काय चीज होती हे तिथे अजून डोळ्यांना दिसतं. कृष्णेच्या काठाने गणपती आळी, ब्राह्मणशाही, मधली आळी, रामडोह आळी, गंगापुरी, धर्मपुरी, सिद्धनाथवाडी अशी वस्ती पसरलेली आहे आणि जवळपास प्रत्येक वस्तीचं नातं नदीच्या एकेका घाटाशी आहे. यातली बरीच बांधकामं अठराव्या शतकात सरदार रास्त्यांच्या पैशातून उभी राहिली. काशीविश्वेश्वराचं देऊळ 1757 चं, ढोल्या गणपतीचं 1762 चं. माघापासून पुढे चालणारा कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीने पाळीपाळीने होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णामाईला केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असं परंपरा सांगते. ती परंपरा शब्दशः मानायची की नाही हा वेगळा वाद आहे. आपल्याला महत्त्वाचं ते उत्सवाचं गणित. आळीने वर्गणी काढायची, मांडव घालायचा, पंगती उठवायच्या, कीर्तनकार ठरवायचा आणि शेजारच्या आळीपेक्षा आपलं कमी पडू द्यायचं नाही. म्हणजे आळी हा एक हिशेब ठेवणारा, मान-पान ठरवणारा, कुणाला पंगतीत कुठे बसवायचं हे जाणणारा संघ होता. शेजारधर्माची ऊब त्यात होती, पण ती या व्यवस्थेच्या पोटात होती. आणि या व्यवस्थेत लहान मुलगा हा 'लहान मुलगा' म्हणून नव्हता. तो भिक्षुकाचा, तांबटाचा, वाण्याचा पुढचा माणूस होता.

एकोणिसाव्या शतकातल्या मुलांच्या दिवसाकडे बघितलं की हे स्पष्ट होतं. वैदिकाच्या घरी संथा पहाटे सुरू होई आणि सुटी म्हणजे अष्टमी, प्रतिपदा, अमावास्या, पौर्णिमा यांसारख्या अनध्यायाच्या तिथी. पंतोजीच्या शाळेत जाणारी मुलं मोडी, उजळणी आणि पावकी-निमकी घोकत. पंतोजीच्या घरची कामंही करत. उरलेली बहुसंख्य मुलं हात चालू लागले की बापाच्या धंद्याला जुंपली जात. 1858 साली जन्मलेल्या धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' याला चांगला साक्षीदार आहे. दापोलीजवळच्या मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी डोंगर-घाट तुडवत चालत साताऱ्याला गेला, आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. ही कथा आपण चिकाटीचं उदाहरण म्हणून सांगतो. पण तीत आणखी एक गोष्ट दिसते: तेव्हाच्या तरतरीत मुलाचं पौगंड हे खेळायचं वय नव्हतं, नोकरीच्या दाराशी उभं राहण्याचं वय होतं. आणि तोवर त्याचं लग्नही झालेलं होतं.

मुलींच्या बाबतीत तर बालपण हा शब्द वापरतानाच अडखळायला होतं. देवराष्ट्रे हे रमाबाई रानड्यांचं जन्मगाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं. 1873 मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या सासरी गेल्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं लग्नही जवळपास त्याच वयात झालं. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी जे माहेर उभं केलं आहे ते हसवता हसवता अंगावर काटा आणणारं आहे. सोवळ्याच्या वेडाने झपाटलेला बाप, धुऊन घेतलेलं धान्य आणि मीठ, बाहेरच्या स्पर्शाची धास्ती. ही मुलगी शेजारपाजारी बागडायची कशी? आता कुणी म्हणेल, ते घर अपवादात्मक होतं. होतंच. पण तो अपवाद प्रमाणाचा होता, तत्त्वाचा नव्हता. बाकीची घरं हेच नियम कमी कडकपणे पाळत होती. याच्या जोडीला मृत्यू ठेवा. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांतली सुमारे दोनशे वर्षाच्या आत दगावत. 1896 नंतर प्लेग आला आणि साताऱ्यासारख्या गावांतली माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहू लागली. 1918 च्या इन्फ्लुएंझाने उरलीसुरली उसंतही नेली. पोरांनी गजबजलेली, निश्चिंत आळी या काळात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. विटीदांडू, हुतूतू, आट्यापाट्या, भोंडला, मंगळागौरीचे खेळ हे सगळे जुने आहेत. खेळ होते म्हणजे खेळणारी मुलं होती आणि मुलं खेळत होती म्हणजे बालपण होतं. आक्षेपाचा पहिला भाग खरा, पण निष्कर्ष घाईचा आहे. भोंडल्याचंच घ्या. अश्विनात हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. आज ही शाळकरी मुलींची गंमत आहे. पण गाण्यांचे विषय काय? सासरचा जाच, माहेरची ओढ, न्यायला येणारा भाऊ, परवानगीसाठी सासूपासून दिरापर्यंत घातलेले हेलपाटे. दहा वर्षांच्या अविवाहित मुलीला या गाण्यांशी काही देणंघेणं असण्याचं कारण नाही. ही गाणी ज्यांची होती त्या दहा-बारा वर्षांच्या विवाहित मुली होत्या. वर्षातून काही संध्याकाळी त्यांना मिळणारी ही सवलत होती, त्यांचा नित्यक्रम नव्हे. मंगळागौर तर उघडउघड नवविवाहितांचीच. मुलींचं लग्नाचं वय पुढे सरकल्यावर गाणी तीच राहिली आणि गाणाऱ्या बदलल्या. मुलग्यांच्या खेळांचंही असंच. हे खेळ रानात गुरं राखताना, सणावारी, जत्रेत खेळले जात. रोज संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सवंगड्यांबरोबर, नियमांवरून भांडत खेळायचे खेळ ही त्यांची रूपं पुढची आहेत. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले, 1923 मध्ये बडोद्यात हुतूतूच्या मोठ्या स्पर्धा झाल्या. खेळाला नियमपुस्तक लागतं ते त्याला वेळ आणि मैदान मिळाल्यावरच.

ही वेळ दिली शाळेने. हे विधान विचित्र वाटेल, कारण आठवणींच्या लेखांत शाळा ही खेळाची वैरीण असते. पण अकरा ते पाच भरणाऱ्या, रविवारी बंद असणाऱ्या, मे महिन्यात महिना-दीड महिना सुटणाऱ्या शाळेनेच पहिल्यांदा मुलाच्या दिवसाचे दोन भाग पाडले: एक मास्तरांचा आणि दुसरा कुणाचाच नाही असा. बापाच्या दुकानात बसणाऱ्या मुलाला पाच वाजता सुटी होत नसते. 1850 च्या कायद्याने गावोगाव नगरपालिका निघाल्या, 1884 आणि 1901 च्या कायद्यांनी त्यांचा कारभार आकाराला आला. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने झालेल्या 1918 च्या कायद्याने पालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळाली आणि 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्ती त्याआधीच, 1917 मध्ये, जाहीर केली होती. दुसऱ्या बाजूने शारदा कायदा आला. 1 एप्रिल 1930 पासून मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा हे लग्नासाठी किमान ठरलं. कायदा लागू होण्याआधी उरकून घेण्याची देशभर इतकी झुंबड उडाली की 1931 च्या जनगणनेत विवाहित मुलांची संख्या फुगलेली दिसते. त्यामुळे एकट्या कायद्याने लग्नाचं वय वाढलं असं कुणी म्हणू नये. शिकलेला नवरा, त्याला हवी असलेली शिकलेली बायको आणि घराजवळ निघालेली मुलींची शाळा यांनी ते हळूहळू वाढवलं. कायद्याने त्याला पाठबळ दिलं. परिणाम असा की 1930 नंतरच्या एका पिढीत, निदान पांढरपेशा घरांत, सात ते चौदा हे वय पहिल्यांदाच मुलामुलींचं झालं. जून 1948 मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी धावली आणि पुढच्या वर्षांत ती तालुक्या-तालुक्यात पोचली, तेव्हा मामाच्या गावाची सुटी सर्वसामान्य घरांच्या आवाक्यात आली. म्हणजे ज्याला आपण सनातन समजतो त्या 'मे महिन्यातल्या आजोळा'च्या मागे एक सरकारी वेळापत्रक आणि एक सरकारी मोटार उभी आहे.

वाड्याचं काय? आठवणीतला वाडा हा अनेक बिऱ्हाडांचा असतो: दर्शनी भागात मालक, मागच्या सोप्यात मास्तर, माडीवर कोर्टातले कारकून, चौक सगळ्यांचा. मूळ वाडा असा नव्हता. तो एका सरदाराचा, सावकाराचा किंवा इनामदाराचा, त्याच्या आश्रितांसह असलेला पसारा होता. पेशवाई बुडाली, 1852 नंतर इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या, वारसांत वाटण्या झाल्या, कर्ते पुरुष नोकरीला बाहेर पडले, आणि रिकामे सोपे भाड्याने द्यायची वेळ आली. तिकडे मामलेदार कचेरी, न्यायालय, हायस्कूल यांमुळे तालुक्याच्या गावी पगारी माणसं येत होतीच. हा उतरत्या श्रीमंतीचा आणि चढत्या नोकरशाहीचा संगम म्हणजे बिऱ्हाडांचा वाडा. त्याला गोठवलं 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. तो जिथे जिथे लागू झाला तिथे सप्टेंबर 1940 चं भाडं हे प्रमाण मानलं गेलं आणि भाडेकरूला काढणं दुरापास्त झालं. त्यामुळे तीच पाच-सात कुटुंबं तीस-चाळीस वर्षं एका चौकाभोवती राहिली. एकमेकांच्या घरची बाळंतपणं, भांडणं, परीक्षा आणि पगाराच्या तारखा ठाऊक व्हायला लागणारा काळ त्यांना या कायद्याने दिला. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती, म्हणून भिंती पडत होत्या. भाडेकरू हलत नव्हता, म्हणून शेजार टिकत होता. आठवणींच्या लेखांत पहिली गोष्ट दारिद्र्य म्हणून येते आणि दुसरी प्रेम म्हणून, पण दोन्हींचं मूळ एकच.

'एकच कुटुंब' या वाक्याची खरी परीक्षा मात्र कुटुंबाबाहेर कोण होतं यावर व्हायला हवी. साताऱ्यातच भीमराव आंबेडकर शाळेत जात होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की वर्गात बसायला त्यांना घरून तरट न्यावं लागे, शाळेच्या नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. न्हावी त्यांचे केस कापत नसे. ते काम बहीण करी. हे गाव तेच आहे, ज्याच्या पेठांबद्दल गोड आठवणींची पानं भरली आहेत. नळ आला म्हणजे पाण्याचा भेद गेला, असं झालं नाही. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं, आणि त्या ठरावाप्रमाणे ओंजळभर पाणी पिण्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. रत्नागिरीत पूर्वास्पृश्यांच्या मुलांना शाळेत इतरांबरोबर सरमिसळ बसवावं म्हणून सावरकरांना मोहीम चालवावी लागली. आळीतल्या मुलांना जात कळत नव्हती, असं पुष्कळदा लिहिलं जातं. खरं असं की एका जातीच्या आळीत जात कळण्याचा प्रसंगच येत नसे. सातारा गावात वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली जेवू-झोपू लागली ती कुठल्याही पेठेत नव्हे, तर 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी तिथे उभारलेल्या वसतिगृहात. तो शेजार आपोआप उगवला नव्हता. एका माणसाने हट्टाने, नियम करून, धान्य मागून घडवला होता.

यावर दुसरा आक्षेप असा की दलित आत्मकथनांतही बालपणाचा आनंद आहे, मग हा भेद इतका का ताणायचा? आनंद आहे, आणि तो नाकारणं हाही एक प्रकारचा उर्मटपणा होईल. बेबी कांबळेंच्या 'जिणं आमचं'मध्ये महारवाड्यातल्या सणांची धमाल आहे. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये खट्याळपणा आहे, शेजारणी आहेत, पोरींची गुपितं आहेत. पण फरक बघा. या लेखिका त्याच पानावर भूक, अंगमेहनत आणि बाहेरच्या वस्तीत शिरताना लागणारी सावधगिरीही लिहितात. 'आयदान'मधली आई सतत विणत असते, कारण त्या टोपल्या-सुपांवर घर चालतं. तिथे आळीला एक कड आहे आणि ती कुठे संपते हे मुलीला पक्कं माहीत आहे. वरच्या आळीतल्या आठवणीत ही कड दिसत नाही, कारण ती ओलांडायची वेळ लिहिणाऱ्यावर आलेली नसते. दोन्ही मुलांनी खेळ खेळले. सीमा ठाऊक असण्याची गरज फक्त एकाला होती. म्हणून इतिहासाची साधनं म्हणून मला दुसऱ्या प्रकारची आत्मकथनं अधिक भरवशाची वाटतात.

आणि 1948 विसरून चालणार नाही. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. पुष्कळ कुटुंबं गाव सोडून वाई, सातारा, पुणे, मुंबईकडे आली. त्यात कूळकायद्याने जमिनी गेल्या, 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक झाला, आणि परतायचं कारणच उरलं नाही. ज्या आळ्यांना आपण कालातीत समजतो त्यांतली कितीतरी बिऱ्हाडं अशी नुकतीच आलेली, काहीतरी मागे जळताना पाहिलेली होती. त्यांच्या मुलांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत शेजार फार उजळ आहे आणि जळीत एखाद्या ओळीपुरतं, कधी तेवढंही नाही. हे लपवणं म्हणता येणार नाही. घरात ज्याबद्दल बोललं जात नव्हतं ते मुलाच्या आठवणीत जाणार कुठून? पण इतिहास लिहिताना ती गप्प राहिलेली जागा भरावी लागते, नाहीतर 'गाव म्हणजे कुटुंब' हे वाक्य जाळणारा आणि जळणारा दोघांच्याही तोंडी सारखंच शोभून दिसतं.

याच अंगाने या आठवणी कुणी लिहिल्या हेही पाहावं. आळीत राहिलेला माणूस सहसा आळीवर लेख लिहीत नाही. तिथे त्याचं भाडं थकलेलं असतं, वाटणीचा दावा चालू असतो. लिहिलं ते मुंबई-पुण्याला बँकेत, शाळेत, सरकारी खात्यात लागलेल्यांनी, स्वतःची मुलं दोन खोल्यांत वाढताना बघत. आळी त्यांना चौदाव्या वर्षीची आठवते, कारण त्यानंतर ते तिथे फक्त सुटीला गेले. आता कुणी म्हणेल, आठवण म्हणजे काही साक्षीदाराचा जबाब नव्हे, तिला उलटतपासणी कशाला? मान्य, ललित लेखाला तिची गरज नाही. पण हीच आठवण पुढे 'आपल्या समाजात पूर्वी असं होतं' या रूपात भाषणांत, पाठ्यपुस्तकांत आणि आजच्या पालकांना दिलेल्या उपदेशात येते. तिथे ती जबाबच असते.

राहिला शेवटचा प्रश्न, हे बालपण संपलं कशाने. टीव्हीला दोष देणं सोपं आहे. मुंबई दूरदर्शन ऑक्टोबर 1972 मध्ये सुरू झालं, पण तालुक्याच्या गावांत संच सर्रास दिसू लागले ते 1982 च्या एशियाड स्पर्धांनंतर; आणि तेव्हा तर आख्खी आळी एका घरात रविवारचा सिनेमा बघायला जमत होती, म्हणजे टीव्हीने सुरुवातीला शेजार वाढवलाच. खरे बदल कमी दिखाऊ आहेत. घरात सहा-सात मुलं होती तेव्हा चौकात आपोआप संघ उभा राहत होता. दोनच मुलं झाल्यावर तेवढीच मुलं जमवायला तीन-चार घरं लागतात. एकाच नगरपालिकेच्या शाळेत जाणारी आळी चार माध्यमांच्या, चार टोकांच्या शाळांत विभागली गेली, आणि सगळ्यांची शाळा एका वेळी सुटेनाशी झाली. पाच वाजल्यानंतरचा तो कुणाचाच नसलेला वेळ शिकवणीने घेतला. वाडे पडायला आले तसे मालक, भाडेकरू आणि बांधकाम करणारा अशी तिघांची बोलणी सुरू झाली. जुना भाडेकायदा जाऊन 1999 चा नवा कायदा मार्च 2000 पासून लागू झाला तोवर तालुक्याच्या गावांतही चौकाच्या जागी इमारती उठू लागल्या होत्या. या इमारतींच्या नकाशात तळमजला गाड्यांना दिलेला असतो, आणि आळीच्या रस्त्यावरही दोन्ही अंगांना गाड्याच उभ्या असतात. ज्या कारणांनी ते बालपण घडवलं होतं, म्हणजे शाळेची वेळ, घरातली मुलांची संख्या, गोठलेलं भाडं, मोकळा रस्ता, ती चारही एकेक करून बदलली. मोबाइल आला तेव्हा मोडण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. वाईत कृष्णाबाईचा उत्सव आजही आळीआळीने होतो, वर्गणी निघते, पंगती उठतात. संस्था म्हणून आळी बालपणाच्या आधीही चालत होती आणि बालपणाशिवायही चालते आहे.